जावयांना प्रॉब्लेम मिळाला

आमच्या जावयांसारखा माणूस देवानं दुसरा घडवला नसणार. घडवला असता तर सगळ्या वसईत एक वस्तू धड राहिली नसती. मी तिसरीतून शाळा सोडली, पण उमेळ्याच्या माझ्या वाडीत केळ माझं ऐकून वाढते आणि घरातही तसंच चालत आलेलं. त्या घरात हे गृहस्थ पोरगी बघायला आले, चहाचा चमचा उचलला, आणि बोलता बोलता वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर, असं करत त्याचे दोन तुकडे बशीत ठेवून मोकळे झाले. आमची बायको पांढरी पडली. मी विचारलं, काम काय करता? तर शांतपणे म्हणाले, "हेच." मुंबईच्या मोठ्या इंजिनियरिंग कॉलेजात लोखंड कशानं तुटतं ते शोधायचं आणि त्यावर डॉक्टर व्हायचं. लोखंड म्हणे एका घावात तुटत नाही. रोज थोडं थोडं वाकून थकतं आणि एक दिवस जातं. जन्मभर कुदळ-पहारीशी माझा संबंध, पण थकलेली पहार मी पाहिली नव्हती. थकतो तो पहार धरणारा. पण पोरगी तोंडाला पदर लावून हसत होती, म्हणून हो म्हटलं.

लग्नात तर कहर झाला. बायकोचा भाऊ अंगानं भक्कम, मांडवात बसला आणि लोखंडी खुर्चीचा पाय मोडून आडवा झाला. सगळं वऱ्हाड मामांकडे धावलं. नवरदेव सुटाबुटात खुर्चीकडे धावले. मामा जमिनीवर कण्हतायत आणि हे मोडका पाय उजेडात धरून नवरीला सांगतायत, "बघ, किती सुंदर तुटलाय." तो पाय आहेराच्या सामानातून घरी गेला. पुढे गावात कुणाचं काही मोडलं, सायकलचा दांडा म्हणा, कोयता म्हणा, की लोक भंगारवाल्याआधी आमच्याकडे यायचे. बायको म्हणायची, लोकांचे जावई येताना काहीतरी आणतात, आमचे जाताना भंगार नेतात.

तेव्हा ती दोघं आमच्या शेजारच्या वाडीत उठलेल्या बिल्डिंगमध्ये राहायची. एका संध्याकाळी जावई मिठाईचा पुडा घेऊन आले. म्हणाले, "बाबा, प्रॉब्लेम मिळाला." मी हबकलो. प्रॉब्लेम आला म्हणून मिठाई वाटणारा एकतर साधू असतो, नाहीतर पिऊन आलेला. वास घेतला, तसं काही नव्हतं. बायकोनं मात्र जास्त चौकशी केली नाही. तिला प्रॉब्लेमवर एकच उपाय ठाऊक, फादरकडे जाऊन नाव द्यायचं. रविवारी भरल्या देवळात मिस्साच्या उपासनेत फादरनी लोकांनी दिलेले हेतू वाचले, त्यात आमच्या जावयांचं नाव घेऊन, त्यांचा प्रॉब्लेम लवकर सुटावा म्हणून प्रार्थना! दोनशे माना आमच्या बाकाकडे वळल्या. बाहेर आल्यावर बायकांनी पोरीला मिठी मारली. एक म्हातारी तिचा हात दाबून म्हणाली, "सोस गो पोरी, पुरुष असेच." मामा तर बाह्या सरसावून उभाच होता, खुर्चीचा राग होताच.

जावयांना कळलं तेव्हा ते घाबरे होऊन धावत आले. त्यांच्यात म्हणे संशोधनाच्या प्रश्नाला प्रॉब्लेम म्हणतात, तो चांगला मिळायला नशीब लागतं. "आई, एवढ्यात सुटला तर मी डॉक्टर कसा होणार? दोन-तीन वर्षं तरी चालू दे." बायको तशीच परत फादरकडे गेली. फादर म्हणाले, वर गेलेली प्रार्थना परत मागवता येत नाही.

प्रॉब्लेम सुटला, जावई डॉक्टर झाले, आणि खरा प्रॉब्लेम तिथून सुरू झाला. त्यांना कॉलेजात शिकवायचं होतं आणि शोधायचंही होतं. इथली कॉलेजं वर्षापुरतं घ्यायची, फळा द्यायची, मशीन द्यायची नाहीत. तेवढ्यात इथल्याच एका कारखान्यात माल तपासायची कायमची नोकरी चालून आली. मी म्हटलं, घ्या, पोरगी डोळ्यांसमोर राहील. मी एकदा बोललो की घरात विषय संपतो. जावई चमचा हातात धरून बसले, पण तो वाकवला नाही. ते पाहून मला धक्काच बसला. विचारलं, तिथे अडचण काय? म्हणाले, "तिथे तुटलेलं बाजूला टाकायचं, बाबा. का तुटलं ते विचारायचं नाही."

पोरगी माझ्याकडे बघत होती. माझा शब्द मी कधी मागे घेत नाही, म्हणून तो मागे न घेता नुसतं म्हटलं, "मग जा."

ती दोघं परदेशातल्या युनिव्हर्सिटीत गेली. आता घरात सगळे चमचे सरळ आहेत. मध्यंतरी फोन आला. लांबून आवाज यायला वेळ लागतो, पण आनंद कळत होता. "बाबा, फार मोठा प्रॉब्लेम मिळालाय. पाच-सहा वर्षं तरी पुरेल, मग परत येऊ." मी म्हटलं, छान झालं. बायकोला बजावलं, यावेळी फादरकडे जायचं नाही. ती बिचारी गेली नाही.

रविवारी मिस्साला फादरनी हेतू वाचले. आमच्या जावयांचा प्रॉब्लेम लवकर सुटावा, असं ऐकू आलं तशी बायको दचकून माझ्याकडे वळली. मी समोर आल्तारावरच्या क्रुसाकडेच बघत राहिलो.