पहिलं मोठं, दुसरं लहान

आमच्या ज्युनियर कॉलेजातल्या रसायनाच्या सरांइतका त्रासदायक सज्जन प्रवरेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. चांगल्या माणसानं गप्प बसावं, आपलं चांगलेपण घरी ठेवावं. हा गृहस्थ ते खिशात खडू असावा तसं घेऊन हिंडायचा आणि दिसेल तिथे उगाळायचा. मूलद्रव्याच्या चिन्हाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान, एवढ्या एका नियमावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली आणि निम्मा तालुका नाराज केला. दुसरं अक्षर चुकून मोठं आलं की पेपरात भोपळा. पालक भांडायला आले तर त्यांनाच बाकावर बसवून सांगायचे, "हे बघा, Co लिहिलं तर कोबाल्ट, काचेला निळा रंग देणारा धातू. CO लिहिलं तर बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाला मारणारा वायू. तुमच्या पोरानं धातूचा वायू केलाय. अर्धा मार्क कशाचा देऊ?" सोडियमला Na का, असं कुणी विचारलं की मात्र खूष. "ते त्याचं जुन्या लॅटिनमधलं नाव, नेट्रियम. आपल्याकडे नाही का, हाक मारायला बाळ्या आणि दाखल्यावर बाळासाहेब!"

देवळालीच्या बाजारात एका खतवाल्यानं पाटीवर झिंकचं चिन्ह दोन्ही अक्षरं मोठी करून रंगवलं होतं. सर पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन स्टुलावर चढले. दुकानदार बिचारा खालून म्हणतोय, "सर, अक्षर ल्हान केल्यावर ऊस मोठा व्हतो का?" सर म्हणाले, "ऊस तेवढाच राहील. पण इथून रोज माझी पोरं जातात." अन् पाटी दुरुस्त करूनच उतरले. बहिणीच्या नातीचं बारसं होतं, तेव्हा तर कहरच. नव्या मूलद्रव्याचं नाव शोधणारे सुचवतात, मग जागतिक समिती ते जाहीर करून पाच महिने हरकती मागवते, मगच नाव पक्कं होतं. म्हणून यांनी बाळाचं नाव कागदावर लिहून दाराला डकवलं आणि खाली लिहिलं, ‘हरकती पाच महिन्यांत कळवाव्यात’. बहीण कपाळावर हात मारून म्हणाली, "दादा, घुगऱ्या शिजल्यात रे!"

मी तिथे मराठी शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. सरांनी पहिल्याच आठवड्यात माझं बारसं केलं. ज्या मूलद्रव्याचा शोध अजून पक्का झालेला नाही त्याला तात्पुरतं तीन अक्षरी चिन्ह देतात, म्हणून मी ‘यू-यू-टी’. "काय यू-यू-टी, चहा झाला?" हे इतकं रुळलं की शिपायानं एकदा नोटिशीवर ‘यू. यू. टी. सर’ असंच लिहिलं. मीही हसायचो. नऊ वर्षं हसलो. दहाव्या वर्षी तीच हाक ऐकू न आल्यासारखं करायला लागलो. घरी आईचे गुडघे गेलेले, बायकोनं ‘कायम कधी होणार’ हे विचारणंही सोडलेलं. मला कायम व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी बारावी सायन्सला बावन्न नावं होती आणि वर्गात सात पोरं. बाकीची नावापुरती आमच्याकडे, अंगानं शहरातल्या क्लासमध्ये. सगळीकडे असंच चालतं, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. सरांना वाटायचं. ते रोज बावन्न नावं खणखणीत पुकारायचे आणि पंचेचाळीस वेळा ‘गैरहजर’ मांडायचे. मग तपासणीचं पत्र आलं. संस्थेच्या सचिवांनी सरांना बोलावलं, मीही तिथेच होतो.

"सर, तेवढी हजेरी भरून टाका. न्हाईतर तुकडी जाती आपली."

सर म्हणाले, "मूलद्रव्यांचा तक्ता मांडणाऱ्या रशियन माणसानं न सापडलेल्यांची घरं रिकामी ठेवली होती. खोटी नावं कोंबली नाहीत. म्हणून पुढे खरी सापडली."

"तुमचं रशियाचं ऱ्हाऊ द्या हो! हितलं बोला."

"इथलंच बोलतोय."

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षक बदलला. हजेरीपत्रक माझ्या हातात आलं. सचिव हळूच म्हणाले, "तुमच्या कायमचं बघतोय मी. लई दिवस रखडलंय." मी हो म्हणालो. विचार करायला वेळ मागितला असता तर आज सांगायला तरी बरं वाटलं असतं. नाही मागितला.

शिक्षक-खोलीत बसून चार महिन्यांची हजेरी मी नव्यानं उतरवली. एका बैठकीत भरल्यासारखं दिसू नये म्हणून तीन पेनं बदलली. मधूनमधून गैरहजेरीही पेरली, कुणाला ताप, कुणाच्या घरी लग्न. मराठीचा मास्तर आणि वर हौशी लेखक ना मी! मान वर केली तर सर शेजारी उभे. कधी आले कळलंच नाही. पान बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस खोली डोक्यावर घेणार. ते वाकले आणि कानाशी म्हणाले, "दसऱ्याच्या दिवशी सगळे हजर दाखवलेत. सुट्टी होती. तपासणीत सापडाल. तेवढं पान बदला." आणि तासाला निघून गेले.

मी पान बदललं.

तपासणी झकास झाली. मार्चमध्ये मला कायम केल्याचा आदेश निघाला, जूनमध्ये सर ‘अतिरिक्त’ ठरले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि त्यांना संस्थेच्या शनिशिंगणापूरकडच्या शाळेत धाडलं. आठवीचं विज्ञान आणि जोडीला चित्रकला. रोज दोन एसट्या जायला, दोन यायला. निरोप समारंभ ठेवला नाही, संस्थेला कसं दिसलं असतं ते! मीही त्यांच्या घरी भेटायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवाळी आली. शरम दुसरं काय करते, माणसाला आळशी करते.

परवा श्रीरामपूरच्या स्टँडवर भेटले. वाळलेत. बाकावरची पिशवी उचलून मला जागा केली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. बाम नको, शेक द्या म्हणाले. पोरं बरी आहेत म्हणाले, चित्रं छान काढतात. अर्धा तास आम्ही कॉलेजचा विषय सोडून सगळं बोललो. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर एक गाडी लागत होती, तिकडे हात करून म्हणाले, "तुमची बस आली बघा. जागा धरा, गर्दी होते." पाठीवर हात ठेवून मला त्या गर्दीत पुढे केलं.

बस संगमनेरची होती. मला राहुरीला जायचं होतं, हे त्यांना मी दहा मिनिटांपूर्वीच सांगितलेलं. तरी मी चढलो, खिडकीशी बसलो, त्यांना हात केला. गावाबाहेरच्या पहिल्या थांब्यावर उतरून उलट गाडीची वाट बघत बराच वेळ उभा राहिलो. त्यांनी मला दोन शिव्या हासडायला हव्या होत्या.