यीस्टचं घे, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही भित्रेपणाच, कळतंय मला.

ड्रेस्डेनमध्ये जीवशास्त्राची पदवी करत होते तेव्हाची गोष्ट. खरं तर मला डॉक्टरच व्हायचं होतं. पदवी झाली की मेडिसिनला अर्ज करायचा, आणि त्याआधी चांगल्या लॅबमध्ये हिवी म्हणून, म्हणजे तासांवर राबणारी विद्यार्थिनी म्हणून, काम करून शिफारसपत्र मिळवायचं. मला हृदयरोगाच्या गटात जागा मिळाली होती. पेशंट भेटायचे, प्रोफेसर बाई स्वतः शिकवायच्या, पत्रही मनापासून लिहायच्या. फक्त माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं — नवीन मुलगी आली तर जागा तिची, नाही आली तर तुझी मुदत वाढवू.

ती नवीन मुलगी म्हणजे रेवती. सांगलीची, माझ्याच गावची, एक वर्ष मागे. तिलाही मेडिसिनच हवं होतं. तिच्यापुढे दोन जागा होत्या. एक ही, आणि दुसरी यीस्टवर काम करणाऱ्या लॅबमधली.

आता आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. गावची मोठी मुलगी परदेशात भेटली की ती ताई होते, आणि ताईला विचारलं की चौकशी संपते. वर्गातली एखादी जर्मन मुलगी असती तर सरळ बाईंना मेल टाकून लॅब बघून आली असती. रेवती माझ्या खोलीवर आली. पोहे खाता खाता तिने विचारलं, ताई, कुठली घेऊ?

काय सांगायला हवं होतं? सोपं होतं हो. आणि मी — मी म्हटलं, "आमच्याकडे नुसत्या बाटल्या धुवायला लावतात गं. पेशंटचं तोंडही दिसत नाही. तू यीस्टचं घे."

"बरं ताई. तू सांगतेस म्हणजे झालं."

खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. माझी नाही अडखळली. वर तिला आग्रह करून आणखी पोहे वाढले.

यीस्टची लॅब वाईट नव्हती, पण तिथे ना पेशंट, ना डॉक्टरचं पत्र. माझी मुदत वाढली, पुढे मला प्रवेशही मिळाला. रेवतीला दोनदा नकार आला. दुसऱ्या वेळी ती माझ्याकडेच येऊन रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. कसा फिरवला असेल? आता ती एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासते. तिला तसाही प्रवेश मिळाला नसता — हे स्वतःला किती वेळा ऐकवलंय मी! पण ते ठरवणारी मी कोण? कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की आजही आधी लाज वाटते.

गेल्या महिन्यात तिने आपल्या मावसबहिणीला माझ्याकडे पाठवलं. तशाच दोन जागा, तोच प्रश्न. या वेळी मी सगळं खरं सांगितलं, मेल कुणाला टाकायचा तेसुद्धा. आता माझं काय जाणार होतं?

संध्याकाळी रेवतीचा मेसेज आला. "थँक्यू ताई. मी तिला म्हटलंच होतं, दुसऱ्या कुणाला विचारू नकोस, ताई खरं सांगते."

मी तिला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.