दोन इंजिनांचा एक वेग
बरोबरचं माणूस मागं पडलं की तुम्ही त्याचं काय करता? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून सोल्डरिंगचा वास आला की मला शहाद्याच्या कॉलेजातली, विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची दुपार आठवते. आम्ही तिघींनी उसाची कांडकी वाहणारी छोटी मालगाडी केली होती. चढावर एक इंजिन पुरेना, म्हणून दोन जोडली. पुढचं अक्कलकुव्याच्या मैत्रिणीनं केलेलं, मागचं शहाद्याच्या मैत्रिणीनं. पण पुढचं धावे, मागचं फरफटे आणि डबे रुळांवरून घसरत. शहाद्याची म्हणाली, "मन्हं काढी टाक वं. तुन्हं घोडा शे, मन्हं म्हैस." बोलली हसत, पण महिनाभर खपून केलेलं इंजिन तिनं छातीशी धरलं होतं. "घोडा एकटा चढला का?" असं म्हणत अक्कलकुव्याचीनं रुळांशेजारी खडूनं दोन खुणा केल्या. मोबाइलवर वेळ लावून आम्ही दोन्ही इंजिनं एका खुणेपासून दुसरीपर्यंत वेगवेगळी पळवली. मागचं पूर्ण जोर लावूनच तेवढं पळत होतं, त्याच्याकडून आणखी काही मिळणार नव्हतं. तेव्हा अक्कलकुव्याचीनं स्वतःच्याच इंजिनाच्या तारेत, त्याचा वेग कमी व्हावा म्हणून, रेझिस्टर सोल्डर करून बसवला. मोजलं, बदलला, पुन्हा मोजलं, दोघांना सारखाच वेळ लागेपर्यंत. मग गाडी चढली, एकही कांडकं न सांडता. "आते म्हैस पुढे लाव," शहाद्याची म्हणाली. हल्ली आमच्या संघटनेच्या बैठकीत 'हळू चालणारे वगळा' असं कुणी म्हटलं की मला त्या खडूच्या खुणा दिसतात. तुमच्याकडेही कुणाला वगळायची वेळ आली, तर आधी स्वतःचा वेग कमी करून बघा.