कोल्ह्याचे हातमोजे

रस्त्याकडेचं कुठलंही फूल विमलकाकू नाव कळल्याशिवाय देवाला वाहत नसत. नुसतं नावही पुरत नसे, ते का पडलं तेही लागे. "अनोळखी माणसाला कोणी देवघरात बसवतं का, बापा?" म्हणायच्या. परदेशात, सरे शहरात, त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहायचो. शोधून सांगायचं काम माझं. डेझी म्हणजे दिवसाचा डोळा, हे ऐकून त्या दिवसभर खूश होत्या.

एका जूनमध्ये त्या जांभळ्या घंटांचा उंच तुरा घेऊन आल्या. "फोनच पाहून राहिला ना तू, मग याचंही पाहा."

फॉक्सग्लव. कोल्ह्याचा हातमोजा. नाव फार जुनं, कारण नक्की कोणालाच ठाऊक नाही. पण गोष्ट अशी, की कोल्हा ही फुलं पंजांत घालतो, म्हणजे खुराड्याकडे जाताना पावलं वाजत नाहीत. काकू हसल्या. "लबाडच आहे मेला. पण आपला कृष्ण तरी कुठं साधा होता? चालेल."

आतून काका म्हणाले, "कोंबड्यांना विचारलं का?"

गोष्टीखालीच लिहिलं होतं, की झाड विषारी आहे, थेट हृदयावर जातं. पान, फूल, फूल ठेवलेलं पाणीसुद्धा. मी ते वाचलं, सांगितलं नाही. काकूंचा चेहरा खुलला होता, मला कामावर जायचं होतं, आणि देवाचं फूल कोण खातं, असं मनात आलं. तीर्थाच्या वाटीत फूल सोडतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तुऱ्यातली एकेक घंटा रोज वाटीत पडू लागली. काकू तीर्थ ओठांना लावून हात डोक्यावरून फिरवत. काका मात्र वाटीच रिकामी करत. "तीर्थ सांडायचं नसतं," म्हणत.

आठवडाभरात काकांचं जेवण सुटलं. "सगळं पिवळं दिसून राहिलं," ते म्हणाले. "चष्मा पुसा," काकू म्हणाल्या. रविवारी सकाळी ते खुर्चीतच गेले. हार्ट, डॉक्टर म्हणाले. वय झालेलं, कोणी खोलात गेलं नाही. फुलानंच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण पाहुणे यायच्या आत ती वाटी मी घासून ठेवली होती.

काकू नागपूरला मुलीकडे परतल्या. गेल्या महिन्यात त्याही गेल्या. त्याआधी फोनवर दर वेळी तेच चालायचं: "त्या सकाळी यांची बीपीची गोळी द्यायची मी विसरले रे. माझ्याच हातून गेले."

शेवटच्या फोनवर त्यांनी सरळच विचारलं, "तू घरातच होतास. खरं सांग, गोळीनंच ना?"

"एक गोळी चुकल्यानं काही होत नाही, काकू."

"मग कशानं रे?"

"आवाज तुटतोय तुमचा," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.