सख्याच्या नंबरवरून रोज सकाळी ‘हाय’

आधीच सांगतो, मी देवाला हात जोडतो तेसुद्धा बायको शेजारी उभी असेल तरच. भुताखेतांचं तर नावच काढू नका. महाडला एसटी स्टँडच्या मागे माझं गॅरेज आहे. गाडी बंद पडली की तिला कुणाची नजर लागलेली नसते, डिझेलचा फिल्टर चोक झालेला असतो — एवढंच माझं तत्त्वज्ञान. इथले अनुभव वाचून मी आजवर फिदीफिदी हसत आलोय. आता तुमची पाळी. हसा खुशाल… आम्हीपण हसलोच.

गॅरेजशिवाय माझा दुसरा उद्योग म्हणजे घाटात गाडी दरीत गेली की दोर घेऊन धावणे. पाच जणांची टीम, पगार नाही, मानधन नाही, वर घरच्यांच्या शिव्या. सखाराम, म्हणजे आमचा सख्या, दोरावरून खाली उतरणारा. कापडे गावचा शेतकरी, अंगाने काटकुळा, पण कड्यावर पालीसारखा चिकटतो. मी वर दोर धरणारा. आमची पद्धत साधी. दर मिनिटाला मी वरून ओरडायचं, “हाईस?” आणि त्याने खालून ओरडायचं, “हाय!” म्हणजे आहेस का? तर आहे. आमच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’च म्हणतात, शाळेतल्या गुरुजींनी कितीही पट्ट्या मारल्या तरी.

दुसरी पद्धत मिस कॉलची. घाटातून परतल्यावर तो कापड्याला, मी महाडला. घरी पोचलं की एकाने मिस कॉल द्यायचा, दुसऱ्याने उलट मिस कॉल द्यायचा. बोलायचं काही नाही. आणि आलेल्या मिस कॉलला उलट मिस कॉल न देणं म्हणजे आमच्यात महापाप.

मागच्या श्रावणात वरंध घाटात एक कार खाली गेली. आत एकच माणूस, देशावरचा, जिवंत. सख्या उतरला. माणूस त्याच्यापासून दहाएक हात खाली अडकलेला, दोर तिथपर्यंत पुरेना. दुसरा दोर जोडायला घेतला आणि तेवढ्यात वरून दगड सुटायला लागले. सख्या खालून बोंबलत होता, “सोड रे विल्या, अजून सोड!” मी सोडला नाही. मी ओढला. सख्याला वर घेतला आणि दोन मिनिटांत ती अख्खी कड ढासळली.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाला वर काढला, तेव्हा फार उशीर झालेला.

सख्या माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी नाही, गणपतीला नाही, दिवाळीला नाही. टीम सोडली. त्याची बायको, शेवंतावहिनी, बाजाराच्या दिवशी गॅरेजवर आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, “भावोजी, ह्ये जेवत नायत हो. दोन घास खातात आन् ताटावरून उठतात. दिवसभर पडवीत दाराकडं पाठ करून बसतात. काय करू मी?” मी काय सांगणार, कप्पाळ? माणूस मीच हिरावला होता ना त्याचा.

आमच्या ओळखीच्या एका ॲम्ब्युलन्सवाल्याने तेव्हा एक लिंक पाठवली. अपघातात, आगीत, पुरात धावून जाणाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स. आठ आठवडे. मोबाईलवर दहा-दहा मिनिटांचे धडे, आपले आपण करायचे, एक ग्रुप, आणि प्रत्येकाला एक जोडीदार, ज्याला रोज मनातलं लिहायचं. चालवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? पण सख्याचं नाव द्यावं. एकट्याचं कसं देणार, म्हणून आमच्या पाचही जणांची नावं दिली आणि सख्याचा जोडीदार म्हणून माझं. वहिनीला सांगितलं, त्याला फक्त एवढं सांग, मोबाईल बघत जा. त्याच्याशी बोलायची माझी छाती नव्हती.

पहिल्या सकाळी आठ वाजता मॅडमचा ग्रुपवर मेसेज — ‘हाय’. आता पुण्याच्या मॅडम, त्यांनी आपलं इंग्रजीतलं हाय घातलेलं. पण आमच्या लोकांना वाटलं हजेरी चाललीय! एकाने लिहिलं ‘हाय’. दुसऱ्याने लिहिलं ‘हाय’. तिसरा म्हणतो ‘मी पण हाय’. त्याच्याखाली ‘बायको पण हाय, पाणी तापवते’. मॅडमला वाटलं, काय ही प्रेमळ माणसं, सहकुटुंब नमस्कार करतात. दोन आठवड्यांनी त्यांना खरा प्रकार कळला तेव्हा त्या व्हिडिओ कॉलवर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. म्हणाल्या, तुमचंच हाय चांगलं आहे, हेच ठेवू.

पण पहिल्या सकाळचं राहिलंच. सगळ्यांच्या शेवटी, आठ वाजून सहा मिनिटांनी, सख्याच्या नंबरवरून आलं — ‘हाय’.

मी गॅरेजात उडी मारली हो! एका गिऱ्हाइकाला चहा पाजला, जे मी जन्मात करत नाही. मग रोज. रोज सकाळी आठ-सहाला सख्याचा ‘हाय’.

मी धडे करायला लागलो. आजूबाजूच्या पाच वस्तू बघा आणि मनात नावं घ्या — पाना, जॅक, ग्रीस, टायर आणि बिल बुडवणारा सासरा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. हसू येत होतं, पण छातीत जे काय घट्ट धरलेलं होतं ते जरा जरा सैल पडायला लागलं. आणि संध्याकाळी गॅरेज बंद करताना मी जोडीदाराला लिहायचो. आधी दोन ओळी. मग चार. मग एक दिवस सगळंच लिहिलं. सख्या, मी ओढला. तू सोड म्हणत होतास आणि मी ओढला. दोर अजून हातातून सुटत नाही रे. चुकलं असेल तर माफ कर, पण परत तसं झालं तर मी परत ओढीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-सहाला त्याच्याकडून आलं, ‘हाय’. बस्स. मी गाडीच्या खाली जाऊन पोटभर रडलो आणि वर येऊन दोन वडापाव खाल्ले. कितीतरी महिन्यांनी चव लागली.

सहा आठवडे झाले. माघ लागला होता. म्हटलं आता जाऊन या माणसाच्या गळ्यात पडायचं. रविवारी दुपारी बाइक काढली आणि कापड्याला गेलो. सख्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता. रस्त्याकडे तोंड करून! मला बघून उठला आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

“आलास? मला वाटलं जल्मभर मिस कॉलवरच भागवतोस.”

मी म्हटलं, “कसला मिस कॉल?”

“कसला म्हंजे? रोज सकाळी आठला देतोस तो. तोंड नाय तुला बोलाया, म्हटलं असू दे. मी पण देतो ना उलटा.”

“सख्या, मी एक पण मिस कॉल दिला नाय. तुझा पण आला नाय. तू ग्रुपवर हाय लिहितोस…”

“कोनता ग्रुप?”

मी मोबाईल काढून त्याच्या नाकासमोर धरला. बेचाळीस ‘हाय’. त्याचं नाव, त्याचा नंबर. त्याने बघितलं आणि खिशातून काढला — बटणांचा फोन. काडेपेटीएवढा. त्यात ग्रुप सोडा, फोटोसुद्धा येत नाही. त्याच्यात शेवटचे वीस मिस कॉल दिसतात, ते वीसच्या वीस माझ्या नंबरचे. सकाळी आठ, सकाळी आठ, सकाळी आठ. आणि दुसऱ्या यादीत त्याचे उलट गेलेले. माझ्या फोनात यातलं काही नाही. ना गेलेला, ना आलेला.

“तुझा मोठा मोबाईल कुठाय?” मी विचारलं.

सख्याने हातातली शेंग सोलून सुपात टाकली. मग म्हणाला, “त्या मानसाकडं.”

मला वरून दिसलं नव्हतं, पण त्या दिवशी दरीत त्या माणसाने घरी बोलायचंय म्हटलं होतं. सख्याने आपला मोबाईल पिशवीत घालून त्याच्याकडे टाकला आणि त्याने तो झेलला. रेंज कुठली असणार तिथे? तरी तो हातात धरून बसला. सख्या त्याला विचारत राहिला, हाईस? पहिल्यांदा तो म्हणाला, आहे. तिसऱ्या खेपेला आमच्यासारखा म्हणायला लागला, हाय. हसलासुद्धा म्हणे. मग मी दोर ओढला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला वर काढला तेव्हा मोबाईल मिळाला नाही, तो त्या दगडांखाली गेला. सख्याने कुणाला सांगितलं नाही, गुपचूप त्याच नंबरचं नवीन सिमकार्ड काढून ह्या डबड्यात टाकलं.

“विल्या,” तो म्हणाला, “पैला मिस कॉल आला तवा मी सावित्रीच्या पुलावर हुबा होतो. कशाला ते इचारू नको. तुझं नाव बघितलं. म्हटलं आता ह्याला उलटा दिला नाय तर हा बोंबलत घरी येल. दिला. मग घरी आलो.”

मी म्हटलं, “मी नाय रे दिला.”

“मी पन नाय हाय लिवलं.”

“मग मी ज्याला सगळं लिहिलं तो कोण?”

“काय लिवलंस?”

मी वाचून दाखवलं. पार ‘परत ओढीन’पर्यंत. सख्याने माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “ओढशील रे. तू सोडनारा नायसच. गाढवा, त्या मानसाला पन ठावूक असल.” आणि मग काय झालं कुणास ठाऊक, दोघंही एकदम फुटलो. हसायला लागलो. थांबतच नाही! दोन टोणगे, रोज न दिलेले मिस कॉल परत करतायत आणि न लिहिलेल्या हायवर पोटभर रडतायत! शेंगांचं सूप उलटं झालं, कुत्रं भुंकायला लागलं, शेजारची म्हातारी वाकून बघायला लागली. वहिनी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. नवऱ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “हसलात तुमी?” मग तीच हसायला लागली, आणि रडायला पण.

त्या दुपारी सख्या माझ्या शेजारी बसून जेवला. तीन भाकऱ्या, वालाचं बिरडं, वर भात. मी मोजल्या नाहीत, वहिनीने मोजल्या.

आता कमेंटमध्ये तज्ज्ञ उगवतील, म्हणून आधीच सांगतो. त्याचं अकाउंट दुसऱ्या कुठल्या फोनवर, कॉम्प्युटरवर चालू आहे का, ते महाडला दुकानात दोनदा बघून घेतलं. नाही. माझ्या मोबाईल कंपनीकडून कॉलची यादी काढली, त्यात सख्याला एकही फोन नाही. मॅडमना सांगितलं तर त्या तीनदा म्हणाल्या, काहीतरी तांत्रिक असेल. चौथ्यांदा म्हणाल्या, “कोर्स मात्र तुम्ही दोघांनी पूर्ण करायचा.” केला. सख्या आता माझ्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉलला बसतो आणि मॅडमना भातशेतीवर भाषण देतो. शिमग्यानंतर तो परत दोरावर उतरला, एका शाळेच्या सरांना जिवंत वर आणलं. त्या रविवारनंतर मात्र ना हाय आला, ना मिस कॉल.

त्या रविवारी निघताना, सगळं ऐकून झाल्यावर, मी वहिनीला विचारलं होतं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, “कसलं भ्या? कोन का असंना, माजा मानूस जेवाया लागला. त्याला माजा नमस्कार सांगा, भावोजी.”

मी म्हटलं, सांगतो. आता कुणाला आणि कुठल्या नंबरवर सांगू, मला काही कळत नाही. म्हणून हे इथे लिहिलं. जो कोणी असशील त्याला — शेवंतावहिनीने नमस्कार सांगितलाय.