आवणीच्या दिवशी श्रीखंड

कामाचा कंटाळा पोटातून येतो, हे मी आता कुणालाही ठणकावून सांगते. माझ्याकडे पुरावा आहे आणि तो माझ्याच हातचा आहे.

मी जव्हारला कारकून. आमचं शेत खोडाळ्याजवळच्या पाड्यावर. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, शेजारची दहाबारा माणसं येतात. मग आपण त्यांच्याकडे जायचं. जेवण ज्याचं शेत त्याचं. आईचं ठरलेलं असायचं: सकाळी आंबील, दुपारी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी. त्या वर्षी तिचा गुडघा सुजला, कारभार माझ्याकडे आला आणि मला मोठेपणा सुचला. जव्हारहून जीपने श्रीखंड आणलं, पुऱ्या तळल्या.

आई म्हणाली, "गोडधोड काम झाल्यावर दे, बाय."

मी कशाला ऐकते! दुपारी सगळ्यांनी आडवा हात मारला. माझी वाहवा झाली. मग एकेक जण बांधावर टेकला. शेजारचे काका "जरा पाठ टेकतू" म्हणाले आणि घोरायलाच लागले. मी वाकले की श्रीखंड घशाशी यायचं. अर्धं शेत रिकामं, उपटलेल्या रोपांच्या जुड्या तशाच पडलेल्या. उपटलेलं रोप फार थांबत नाही आणि आमचं वर्षाचं भात तेवढ्याच शेतातलं.

तेवढ्यात आई काठी टेकत आली. काठी बांधावर ठेवून सुजल्या गुडघ्याने चिखलात उतरली आणि एकटीच लावू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडपडत सगळे उठलो, पण अंगात जीवच नव्हता. अंधार पडेस्तोवर जेमतेम एक कोपरा भरला. उरलेल्या जुड्या रात्रभर तगाव्यात म्हणून आईने पाण्यात उभ्या करायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, पहाटे उठून नागलीच्या भाकऱ्या थापल्या. शेतावर पोचले तर सगळे न बोलावता आलेले, आणि प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेली स्वतःची भाकरी. माझ्या टोपल्याकडे कुणी बघेना.

शेवटी काकांनी टोपल्यावरचं फडकं उचललं, आत पाहिलं, एक भाकरी मोडून खाल्ली. मग स्वतःची भाकरी बांधावरच्या आईच्या हातात ठेवली.

"वयनी, तू बस नि खा. आमी लावतू."

उन्हं कलायच्या आत शेवटची जुडी लागली. आईला त्या दिवशी चिखलात उतरावं लागलं नाही.