तीन तारांची मोटर

"चूप. आधी तिले बोलू द्या."

मोटर सुरू करण्याआधी मिस्त्रीकाका हे म्हणायचे आणि बोअरमधून वर येणाऱ्या पाइपावर डावा तळहात ठेवायचे. मग समोर सरपंच असो की साहेब, गप्प बसावंच लागे. असे हात तुम्हीही पाहिले असतील. कानापेक्षा जास्त ऐकणारे.

बालाघाटला पाण्याच्या खात्यात ते सोळा वर्षं रोजंदारीवर होते. कायम करायच्या यादीत त्यांचं नाव नुकतंच वर गेलं होतं. आम्ही एकाच गल्लीतले. मी तेव्हा गावोगावच्या पाण्यावर पत्रकं लिहायचो आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसून बिरशाकडच्या खेड्यांत जायचो. वाटेत माझं भाषण सुरू झालं की ते म्हणायचे, "पर्चा मंग लिवजो. पहिले हा पाना धर."

दोन हजार सालानंतर त्या भागात वीज नसलेल्या पाच गावांत एका ठेकेदाराने सोलरचे पंप बसवले. पंपाची मोटर नव्या जातीची होती. ब्रश नाहीत, सेन्सर नाही, फक्त तीन तारा. सुरुवातीला आतलं चुंबक कुठे उभं आहे हे वरच्या कंट्रोलरच्या डब्याला कळत नाही. मोटर थोडी फिरली की मगच तारांतून अंदाज येतो. काका मला सांगायचे, "आंधळी हाय ते. पहिलं पाऊल कोनीतरी टाकून द्या लागते. ते चुकलं का थरथरते."

पहिल्या गावात ठेकेदाराचा इंजिनिअर सह्या घ्यायला आला होता. पंप चालू आहे, अशा कागदावर सरपंचबाईंची आणि खात्यातर्फे काकांची सही झाली की त्याचं काम संपणार होतं. गावातल्या बायका तोवर नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरूनच पाणी आणत होत्या.

त्याने बटण दाबलं. खालून घुर्र आवाज आला, पाइप थरथरला आणि सगळं थांबलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"साहेब, दाबू नका. जळन ते."

"अरे चाचा, मशीन नई है."

"नई हाय म्हनूनच म्हनतो."

काकांनी बोअरच्या तोंडाशी असलेल्या जोडावरची टेप सोलली. तीनपैकी एक तार नुसती टेकलेली होती. ती घट्ट पिळून बांधली. या वेळी मोटर फिरली आणि टाकीकडे जाणाऱ्या पाइपाच्या तळाच्या नळातून बोटभर धार पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरने लगेच बॅगेतून कागद काढला.

काकांचा हात अजून पाइपावरच होता. "उलटी हाय," ते म्हणाले.

"पानी आ रहा है ना? फिर उल्टा-सीधा क्या?"

"टाकीत चढवून दाखवा."

पंप उलटा फिरला तरी पाणी फेकतो, पण त्यात जोर नसतो. उंचावरच्या टाकीत एक थेंब चढत नव्हता. ठेकेदाराच्या माणसांनी लाल तारेला लाल आणि पिवळीला पिवळी जोडली होती. पण केबल एका कंपनीची, मोटर दुसरीची. रंगांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. पाणी दिसलं, म्हणून कोणी पुढे पाहिलं नाही. झिऱ्यावरच्या गावाला एवढंही पुष्कळ, असा हिशेब. हा हिशेब आठवला की आजही माझी कानशिलं तापतात.

इंजिनिअर जवळ आला. "डिब्बे पर कंपनी की सील है. टूटी तो जिम्मेदारी आपकी." मग आवाज उतरवून म्हणाला, "आपकी फाइल भी तो ऊपर गई है, चाचा."

ऊन कलू लागलं होतं. पॅनलवरची सावली पुढे सरकली की मोटर बंद, तपासणी बंद, आणि कागदावर सह्या झालेल्या.

काकांनी सीलला बोट लावलं नाही. मोटर बंद केली, ती पुरती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि जोडावरच्या दोन तारा कापून आपसात बदलल्या.

"कोणत्या दोन?" मी विचारलं.

"कोनत्याबी. बकबक नोको करू, टेप दे."

बटण दाबलं. पाइपाला पहिला हिसका उलट बाजूने बसला. क्षणभर काहीच नाही. मग वर रिकाम्या टाकीत पाणी आपटायला लागलं. सरपंचबाई शिडीवर चढल्या आणि कोपरापर्यंत ओला हात त्यांनी सगळ्यांना दाखवला.

मग काकांनी कागद घेतला. सहीच्या वर हिंदीत लिहिलं: मोटर उल्टी जुड़ी थी, दो तार बदलकर सीधी की, बाकी चार गाँव भी जाँचे जाएँ.

"ये लाइन काट दो चाचा. आपका काम मैं करा दूँगा."

काकांनी पेन त्या ओळीवर टेकवलं. मी पाहिलं. खोटं का सांगू?

"काटतो," ते म्हणाले, "पन मंग त्या चार गावाले कोन सांगन?"

ओळ राहिली. पुढच्या यादीत काकांचं नाव नव्हतं, आणि महिन्याभरात हजेरीपटावरही नव्हतं. मी जळजळीत पत्रक लिहिलं. त्यांनी वाचून परत दिलं. "माहं नाव काढ. मोटरीचं राहू दे."

मग ते आपल्याच पेट्रोलवर उरलेल्या गावांना गेले. तीन ठिकाणी तारा बदलल्या. पाचव्या गावात ठेकेदार आधीच पोचला होता. बोअरच्या तोंडावर लोखंडी पेटी बसवून झाकण वेल्डिंगने बंद केलेलं होतं. आतून मोटर घुमत होती, खाली बोटभर धार. काकांनी डिकीतून लाल रंगाचा डबा काढला आणि सिमेंटच्या टाकीवर हातभर अक्षरांत लिहिलं: मोटर उल्टी घूम रही है. कोई दो तार बदलो.

त्याच हिवाळ्यात मलेरियाने काका गेले.

दोन महिन्यांनी त्या गावात तपासणीला मोठे अधिकारी येणार होते. टाकी चुन्याने रंगवून घ्या, असा ठेकेदाराचा निरोप होता. चुनाही त्यानेच पाठवला. मी पोचलो तेव्हा बायकांनी टाकी पांढरीशुभ्र केली होती. मधला एक चौकोन तेवढा सुटला होता, लाल अक्षरांचा.

"वो भी मारो, जल्दी!" इंजिनिअर ओरडला. वळणावर जीपचा आवाज आला होता.

कुंचा हातात असलेली बाई सावकाश वळली. "चूना खतम हो गया, साहब."

तिच्या पायाशी बादली होती. अर्धी भरलेली.